आठवड्यातले दोन तास

'आता रुग्णाला घरी न्या, आमच्या हाती काही उरलेले नाही.' असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात अनेक कुटुंबांच्या कानी हे शब्द पडतात. इलाज संपतात, वेदना, भीती आणि एकाकीपण मात्र संपत नाही. सेवेची खरी निकड येथूनच सुरू होते.

याच जाणिवेतून सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. भारतातील पहिले हॉस्पिस, 'शांती आवेदना सदन', १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. परंतु अशा संस्थांतील खाटा मोजक्याच असतात आणि बहुतेक रुग्ण आपल्या घरीच असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग केरळने दाखविला.

डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोड येथे 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' स्थापन केली. अंथरुणाला खिळलेला रुग्ण ही केवळ डॉक्टरांची नव्हे, तर शेजारपाजाऱ्यांचीही जबाबदारी आहे, या विचारातून पुढे गावोगावी स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. आठवड्यातून किमान दोन तास देण्याची तयारी, एवढीच अट. त्यानंतर सोळा तासांचे प्रशिक्षण आणि चार दिवस अनुभवी पथकाबरोबर प्रत्यक्ष काम. २००८ साली केरळ सरकारने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. तसे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

औषधे डॉक्टर देतात, जखमेची निगा परिचारिका शिकवितात. स्वयंसेवकाचे काम याहून साधे, पण मोलाचे असते. रुग्णाची कूस बदलण्यास हातभार लावणे, दुखणे वाढल्याचे पथकाला वेळीच कळविणे, घरात धान्य आहे का, मुले शाळेत जातात का, याची चौकशी करणे आणि मुख्य म्हणजे शांतपणे ऐकणे. खोटी आशा दाखवायची नाही, उपदेश करायचा नाही, कानी आलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही, ही पथ्ये कसोशीने पाळावी लागतात.

यात उत्साहापेक्षा सातत्य महत्त्वाचे. 'पुढच्या मंगळवारी येतो' असे सांगितले, की रुग्ण मंगळवारची वाट पाहू लागतो. ज्याच्यापाशी मोजकेच मंगळवार उरले आहेत, त्याला दिलेला शब्द मोडून चालत नाही. म्हणूनच नोकरदार असो, गृहिणी असो वा सेवानिवृत्त, निभावता येईल तेवढाच वेळ कबूल करावा आणि तो मात्र नेमाने द्यावा. रुग्णाच्या हिशेबी त्या दोन तासांचे मोल फार मोठे असते.