घरच्या कॅमेऱ्यासाठी एकच लहान लेन्स

छायाचित्रणाचा छंद ज्या घरात शिरतो, तेथे वर्ष-दीड वर्षाने एक प्रश्न हटकून उभा राहतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स सर्व कामे बऱ्यापैकी करते. परंतु दिवेलागणीच्या वेळी देवघरात बसलेल्या आजीचे चित्र घ्यावे, तर ते एक तर हलते, नाही तर दाणेदार उमटते. फ्लॅश वापरावा, तर त्या मंद उजेडाची सारी शोभा नाहीशी होते. मग दुसरी लेन्स घ्यावी असे वाटू लागते. किमती पाहाव्यात, तर त्या काही हजारांपासून लाखांपर्यंत पसरलेल्या! संसारी माणसाने यातून निवड कशी करावी?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ जण किमतीच्या यादीत शोधतात. वस्तुतः ते आपल्या घरातच असते. आपली खोली केवढी, तेथे उजेड किती आणि आपण चित्रे घेतो ती कोणाची, एवढे ठाऊक असले म्हणजे निवड आपोआप दोन-तीन लेन्सपर्यंत येऊन ठेपते. आणि सुदैवाने त्या बहुधा लहान व स्वस्तच असतात. हे कसे, ते आता पाहू.

आरसा गेला, जागा वाचली

पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असे. त्या आरशाला वर उचलले जाण्यास जागा हवी, म्हणून लेन्स मागच्या फिल्मपासून बरीच दूर बसवावी लागे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत हे अंतर ४६.५ मि.मी. होते, तर कॅननच्या कॅमेऱ्यांत ४४ मि.मी. २००८ साली ऑलिंपस व पॅनासॉनिक या कंपन्यांनी मायक्रो फोर थर्ड्‌स ही नवी रचना जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी-वन हा त्या रचनेचा पहिला कॅमेरा आला. त्यात आरसा नव्हता. चित्र थेट सेन्सरवरून लहान पडद्यावर दिसू लागले. पुढे सोनी, फुजीफिल्म, कॅनन व निकॉन यांनीही तीच वाट धरली. निकॉनच्या झेड मालिकेत लेन्सची बैठक व सेन्सर यांमधील अंतर अवघे १६ मि.मी., तर कॅननच्या आरएफ मालिकेत २० मि.मी. आहे. रुंद दृश्य टिपणारी लेन्स लहान करावयाची, तर ही वाचलेली जागा फार उपयोगी पडते.

मात्र ‘आरसा नाही, म्हणजे लेन्स लहानच असणार’ असे समजू नये. कॅननच्याच दोन लेन्स पाहा. दोहोंचे नाभीय अंतर ५० मि.मी., म्हणजे दोन्ही एकाच रुंदीचे दृश्य टिपतात. पहिली एफ १.८ ची. तिचे वजन १६० ग्रॅम आणि तीत काचेची सहा भिंगे. दुसरी एफ १.२ ची. तिचे वजन ९५० ग्रॅम आणि तीत पंधरा भिंगे. दुसरी पहिलीपेक्षा सव्वादोन पट प्रकाश आत घेते, हे खरे. परंतु तेवढ्यासाठी सुमारे सहा पट वजन बाळगावे लागते. अमेरिकेत या लेन्स बाजारात आल्या, तेव्हा पहिलीची किंमत १९९ डॉलर होती आणि दुसरीची २,२९९ डॉलर! व्यावसायिकाला हा सौदा परवडेल. घरच्या कॅमेऱ्याला त्याची गरज नाही.

सहा भिंगांची लेन्स स्वस्त, म्हणून ती कमअस्सल, असेही मानण्याचे कारण नाही. जर्मनीत त्साइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली सहा भिंगांची ‘प्लॅनर’ नावाची लेन्स रचली. आजच्या साध्या ५० मि.मी. लेन्सपैकी पुष्कळशा त्याच कुळातल्या आहेत. सव्वाशे वर्षे घासूनपुसून तपासलेली ही रचना असल्याने ती थोड्या खर्चात उत्तम रीतीने तयार करता येते.

प्रकाशाचा हिशेब

‘एफ’च्या आकड्याने पुष्कळ जण गोंधळून जातात. त्याचा अर्थ सोपा आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या झरोक्याचा व्यास मिळतो. ५० मि.मी. लेन्सचा एफ १.८ हा झरोका सुमारे २८ मि.मी. रुंद असतो. तेव्हा आकडा जितका लहान, तितका झरोका मोठा. प्रकाश मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या कित्येक झूम लेन्सचा आकडा दूरच्या टोकाला ६.३ पर्यंत जातो. तिच्याशी तुलना केली, तर एफ १.८ ची लेन्स सुमारे बारा पट प्रकाश घेते.

घरगुती भाषेत याचा अर्थ काय? संध्याकाळी ज्या उजेडात झूम लेन्सला एक दशांश सेकंद लागतो, त्याच उजेडात ही लेन्स सुमारे एकशेविसाव्या भागात काम उरकते. एक दशांश सेकंदात मूल मान वळवते आणि चेहरा पुसट होतो. एकशेविसाव्या भागात ते हसतानाच पकडले जाते. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप आवरते. मुलाला ती आवरू शकत नाही! म्हणूनच घरातील चित्रांसाठी झूमपेक्षा एकाच नाभीय अंतराची, पण अधिक प्रकाश घेणारी लेन्स अधिक उपयोगाची ठरते.

आधी खोली मोजा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ५० मि.मी. लेन्स स्वस्त, म्हणून ती डोळे मिटून घेणारे अनेक असतात आणि घरी आणल्यावर त्यांची निराशा होते. कारण त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो. यासाठी एक सोपे गणित ध्यानात ठेवावे. सेन्सरच्या रुंदीला समोरच्या माणसापर्यंतच्या अंतराने गुणावे आणि नाभीय अंतराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे चित्रात मावणारी रुंदी.

सेन्सरचे तीन प्रकार अधिक आढळतात. फुल-फ्रेमची रुंदी ३६ मि.मी., एपीएस-सीची सुमारे २३.५ मि.मी. (कॅननमध्ये ती किंचित कमी असते) आणि मायक्रो फोर थर्ड्‌सची १७.३ मि.मी. आपली खोली बारा फुटांची आहे आणि चित्र घेणारा व घरची मंडळी यांच्यात जेमतेम तीन मीटर अंतर राहते, असे धरू. फुल-फ्रेमवर ५० मि.मी. लेन्स २.१६ मीटर रुंदी टिपेल. चार-पाच माणसे शेजारी शेजारी मावतील. तीच लेन्स एपीएस-सीवर लावली, तर १.४१ मीटरच मिळतील. तिघे आत, बाकीचे बाहेर! अशा कॅमेऱ्यावर २७ मि.मी. लेन्स २.६ मीटर आणि ३५ मि.मी. लेन्स सुमारे २ मीटर दाखवील. मायक्रो फोर थर्ड्‌सवर २० मि.मी. लेन्स २.६ मीटर व २५ मि.मी. लेन्स २ मीटरांहून थोडे अधिक दाखवील.

हे गणित पैसे खर्च करण्यापूर्वी पडताळून पाहता येते. आपल्याजवळच्या झूम लेन्सची कडी २७ किंवा ३५ वर न्यावी आणि आठ दिवस ती तेथून हलवू नये. स्वयंपाकघरात, गच्चीवर, बाजारात त्याच आकड्यावर चित्रे घ्यावीत. वारंवार मागे सरावे लागले, तर लहान आकडा निवडावा. सतत पुढे जावेसे वाटले, तर मोठा. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा नाभीय अंतराची नोंद करून ठेवतो. गेल्या वर्षभरातील आवडती पन्नास चित्रे काढून त्या नोंदी पाहिल्या, तर आपली आवड आपल्यालाच कळून येईल.

काही पर्याय

कोणत्या कॅमेऱ्याला काय शोभेल, हे काही उदाहरणांनी सांगता येईल. कॅननच्या फुल-फ्रेमसाठी वर सांगितलेली ५० मि.मी. लेन्स आहेच. तेथे २८ मि.मी. एफ २.८ ही १२० ग्रॅमची, जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची लेन्सही मिळते आणि कॅननच्या एपीएस-सीवर तर ती घरासाठी फार सोयीची पडते. निकॉनच्या झेड मालिकेत ४० मि.मी. एफ २ ही १७० ग्रॅमची लेन्स फुल-फ्रेमला योग्य. फुजीफिल्मची २७ मि.मी. एफ २.८ लेन्स २०१३ साली आली, तेव्हा तिचे वजन ७८ ग्रॅम होते. पॅनासॉनिकची २० मि.मी. एफ १.७ ही २००९ सालची लेन्स १०० ग्रॅमची आणि उजेडालाही उदार.

अशा चपट्या लेन्सना छायाचित्रकार ‘पॅनकेक’ म्हणतात. त्यांत काही उणिवाही असतात. झरोका पूर्ण उघडला असता चित्राचे कोपरे थोडे मऊ येतात आणि काहींच्या मोटारीची घरघर चलच्चित्रणात ऐकू येते. आणखी एक सावधगिरी बाळगावी. एफ १.८ वर नीट दिसणारा पट्टा अरुंद असतो. एकट्या आजीसाठी तो शोभून दिसतो. परंतु दोन रांगांच्या कौटुंबिक चित्रात मागची रांग पुसट होते. तेथे आकडा ४ किंवा ५.६ वर न्यावा.

खरेदी करताना

लेन्सची बैठक आपल्याच कॅमेऱ्याची आहे ना, हे प्रथम पाहावे. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही. घरात फिल्मच्या काळातील जुनी लेन्स पडून असेल, तर जोडकडी लावून ती वापरता येते. फोकस मात्र हाताने करावा लागतो. शिवाय आरशासाठी सोडलेली जागा या कडीने भरून काढावी लागते. निकॉनच्या जुन्या लेन्सला झेड कॅमेऱ्यावर ३०.५ मि.मी. लांबीची भर पडते, म्हणजे आटोपशीरपणा गेलाच.

वापरलेली लेन्स घेण्यात कमीपणा नाही, पण ती विजेरीच्या झोतात धरून आरपार पाहावी. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये. कोकणात, मुंबईत, कोलकात्यात किंवा केरळात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत कोंडून न ठेवता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. नवी घेताना भारतातील हमीपत्र व पावती मागून घ्यावी.

शेवटी एक विचार. आपल्या कित्येक घरांतील जुने अल्बम अग्फा क्लिक-थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यांनी भरलेले आहेत. त्याची लेन्स बदलता येत नसे आणि एका रोलवर बाराच चित्रे निघत. तरीही वडिलांचे तरुणपण, आत्याचे लग्न, पाडलेला जुना वाडा आज आपल्याला त्यांतूनच दिसतो. कारण तो कॅमेरा त्या वेळी तेथे होता आणि कोणी तरी तो उचलला होता. महागडी, जड लेन्स कपाटात राहते आणि प्रसंग निघून जातो. दीडशे ग्रॅमची लेन्स कॅमेऱ्यावरच बसलेली असते, कॅमेरा खुंटीवर हाताशी असतो. आजी देवघरात कायम बसणार नाही आणि मूलही कायम लहान राहणार नाही. तेव्हा या रविवारी फूटपट्टी घेऊन आपली खोली मोजावी, झूमची कडी एका जागी ठेवावी आणि आठ दिवसांनी निर्णय घ्यावा.