लॅपटॉपचा माग आणि ताबा

मोबाइल चोरीला गेला, तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक देऊन 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद पाडता येतो. लॅपटॉपचं तसं नाही. साध्या लॅपटॉपला सिमकार्ड नसतं, म्हणून आयएमईआयही नसतो. बहुतेकांत जीपीएससुद्धा नसतं. मग नकाशावर तो सापडतो कसा?

आसपासच्या वाय-फायवरून. प्रत्येक राऊटर आपली ओळख सतत पुकारत असतो. शेजारपाजारच्या आठ-दहा राऊटरांचा हा पुकारा लॅपटॉप टिपतो. कुठला राऊटर कुठे आहे, याच्या याद्या मोठ्या कंपन्यांकडे असतात. त्यांच्याशी ताळा जमवला की ठिकाण निघतं. मात्र इमारत कळली तरी मजला कळत नाही. म्हणून नकाशा हातात घेऊन आपणच दारं ठोठावू नयेत. तो पोलिसांना द्यावा.

विंडोजमध्ये 'फाइंड माय डिव्हाइस' ही सोय २०१५ पासून आहे. पण ती आधी चालू केलेली हवी आणि चोरानं यंत्र इंटरनेटला जोडायला हवं. विंडोज पुसून नवी घातली, की हा धागा तुटलाच.

न तुटणारा धागा म्हणजे सिरीयल नंबर. तळाचं लेबल खरवडलं, तरी हा नंबर सहसा आत मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो आणि डिस्क पुसून जात नाही. चोराकडे वीस लॅपटॉप सापडले आणि तुमच्या तक्रारीत 'काळा, पंधरा इंची' एवढंच असेल, तर पोलिसांनी तरी काय करावं? खोक्यावरून, बिलावरून तो नंबर आजच वहीत उतरवून घ्या. लॅपटॉपमध्येच लिहून ठेवणारेही महाभाग असतात!

तक्रार करताना शब्द जपून वापरा. 'गहाळ' अशी नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. त्यावर चोरीचा तपास सुरू होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. कल्याण ते मनमाडच्या दरम्यान बॅग गेली असेल, तर 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

लॅपटॉप सापडला, तरी तो लगेच घरी येत नाही. तो 'मुद्देमाल' होतो. ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, सोबत बिल आणि पुन्हा तोच नंबर. असा माल ठाण्यात धूळ खात ठेवू नये, छायाचित्रं आणि पंचनामा करून मालकाला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. न्यायालय बोलावील तेव्हा लॅपटॉप हजर करू, अशी हमी मात्र लिहून द्यावी लागते.