अजाराचे सरकार

काळ्या समुद्राच्या आग्नेय काठावर, तुर्कस्तानच्या सीमेला लागून अजारा हे जॉर्जियातले स्वायत्त प्रजासत्ताक आहे. राजधानी बातुमी. इथले बहुसंख्य लोक जॉर्जियनच. पण उस्मानी राजवटीत त्यांच्यातले अनेकजण मुसलमान झाले होते. 1921 च्या कार्स तहात तुर्कस्तानने बातुमीवरचा हक्क सोडला, तो या लोकांना स्वायत्तता मिळावी या अटीवर.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर सत्तेची किल्ली सार्पीच्या सीमानाक्यावर होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव वसलेले, आणि सीमारेषेने त्याचे दोन तुकडे केलेले. 1988 मध्ये ही वाट खुली झाली, मालाची ये-जा वाढली. 1991 पासून अजारावर पकड असलेल्या अस्लान अबाशिद्झे यांनी नाक्याचे आणि बंदराचे उत्पन्न जॉर्जियाच्या राजधानीच्या, तिबिलिसीच्या हाती जाऊ दिले नाही. जॉर्जियातल्या यादवीच्या वर्षांत त्यांनी हा प्रदेश शांत ठेवला, हे खरे. पण विरोधकांना त्या शांततेची किंमत मोजावी लागली. 2 मे 2004 रोजी त्यांच्या माणसांनी अजाराला उरलेल्या जॉर्जियाशी जोडणारे चोलोकी नदीवरचे पूल उडवले. बातुमीकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले आणि चारच दिवसांत अबाशिद्झे मॉस्कोला निघून गेले. आज सार्पीला समुद्रालगत सीमानाक्याचा पांढरा, वळणदार मनोरा उभा आहे. तिथला कारभार केंद्राचा आहे.

1 जुलै 2004 रोजी जॉर्जियाच्या संसदेने अजाराच्या दर्जाचा कायदा केला. कायदेमंडळ म्हणजे सर्वोच्च परिषद. मुदत चार वर्षे. सदस्यसंख्या आधी 30, मग 18, 2012 पासून 21. सरकारच्या अध्यक्षाला मंजुरी देतात हे 21 जण, पण नाव सुचवतात जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष. 2004 च्या कायद्यात तर नाव दोनदा फेटाळल्यास परिषदच बरखास्त करण्याची तरतूद होती. डोक्यावर अशी टांगती तलवार असताना परिषदेच्या होकाराला निवड म्हणणे कठीण होते.

शिक्षण, आरोग्य, शेती, पर्यटन, स्थानिक रस्ते आणि स्वतःचा अर्थसंकल्प एवढे बातुमीच्या हाती आहे. लष्कर, पोलीस, सीमाशुल्क, परराष्ट्र व्यवहार तिबिलिसीकडे. ही वाटणी बदलायची तर तोही अधिकार जॉर्जियाच्या संसदेचाच, बातुमीतल्या 21 जणांचा नव्हे.