बॉबकॅटच्या पोटातला टेन्शनर

रिकामं असताना मशीन बिनतक्रार पळतं. बादली मुरमाच्या ढिगात घुसवली की मागून किंचाळल्यासारखा आवाज येतो, इंजिन फिरत राहतं आणि चाकं मात्र जागच्या जागी मलूल होतात. ऑपरेटर म्हणतो, "लोड घेत नाही." हायड्रॉलिक तेल तपासलं जातं, फिल्टर बदलला जातो, पंप गेला म्हणून लाखाचं अंदाजपत्रकही तयार होतं. पुष्कळदा दोष असतो तळहाताएवढ्या एका पुलीत आणि तिला धरून ठेवणाऱ्या आर्ममध्ये. या भागाला टेन्शनर म्हणतात. स्किड स्टीअर लोडरमध्ये सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते याच्याकडे.

आपल्याकडे बॅकहो म्हणजे जेसीबी, तसंच स्किड स्टीअर म्हणजे बॉबकॅट, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. या यंत्राचा जन्म टर्कीच्या खुराड्यातला आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोथसे या गावी सिरिल आणि लुई केलर या भावांचं वर्कशॉप होतं. एडी वेलो या शेतकऱ्याला टर्कींच्या कोठारातली विष्ठा काढायला यंत्र हवं होतं. कोठार दुमजली, मधे खांबच खांब. म्हणजे यंत्र वरच्या मजल्याला पेलेल इतकं हलकं हवं आणि खांबांच्या मधल्या जागेत जागीच वळायला हवं. केलर बंधूंनी 1957 मध्ये ते करून दिलं: पुढे दोन चालती चाकं, मागे गरगर फिरणारं एक लहान चाक. या पहिल्या यंत्रात चाकांना गती बेल्ट आणि पुलीनेच मिळत होती. शेणामातीच्या कामात ते बेल्ट टिकेनात, तेव्हा भावांनी क्लचची वेगळी रचना शोधून काढली. बेल्टचा ताण ही या यंत्राची जन्मापासूनची डोकेदुखी आहे, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

पुढे नॉर्थ डकोटातल्या ग्विनर इथल्या मेलरो कंपनीने 1958 मध्ये या यंत्राचे हक्क घेतले आणि केलर बंधूंनाही कामावर घेतलं. त्याच वर्षअखेर आलेल्या एम-200 चं इंजिन होतं 12.9 अश्वशक्तीचं आणि उचल 750 पौंड, म्हणजे साधारण 340 किलो. 1960 मध्ये मागच्या लहान चाकाच्या जागी अख्खा अ‍ॅक्सल आला आणि चार चाकांचं खरं स्किड स्टीअर तयार झालं. बॉबकॅट हे नाव 1962 चं.

या यंत्राला स्टिअरिंगची चाकं नाहीत. डाव्या बाजूची दोन चाकं एका हायड्रॉलिक मोटरवर, उजवीकडची दोन दुसऱ्या मोटरवर. एक बाजू पुढे, दुसरी मागे फिरवली की यंत्र घसरत जागेवर वळतं. या मोटरना तेल पुरवणारे पंप इंजिनला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. काही कंपन्या पंप थेट इंजिनला जोडतात. बॉबकॅटच्या अनेक जुन्या मॉडेलांत मात्र मधे एक रुंद, खाचांचा बेल्ट असतो. त्याने धक्के सोसले जातात, पण चालणं, वळणं, बादली उचलणं असं सगळं त्या एका रबरी पट्ट्यावर येऊन पडतं.

बेल्ट चालता चालता थोडा लांबतो, झिजतो. ती ढील खाण्यासाठी टेन्शनरचा आर्म स्प्रिंगच्या जोरावर पुली बेल्टवर दाबून धरतो. तो बिघडण्याच्या वाटा ठरलेल्या. पुलीच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुळीने संपतं आणि ती घरघरू लागते. आर्म ज्या बोल्टवर फिरतो तिथला बुश झिजला की पुली तिरकी होते आणि बेल्टची एकच कड दोऱ्यासारखी सुटू लागते. स्प्रिंग थकते. कधी आर्म गंजून जागीच अडकतो, मग बेल्ट कितीही लांबो, तो हलत नाही. ताण कमी झाला की बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की त्याच्या अंगावर काचेसारखी चकाकी येते आणि तो आणखी घसरतो. अशा यंत्राला नुसता नवा बेल्ट घातला तर तोही त्याच वाटेने जातो. दर काही महिन्यांनी बेल्ट बदलणाऱ्या मालकाने हे एकदा शांतपणे तपासावंच.

काम कठीण नाही, पण घाईचं नाही. यंत्र सपाट जागेवर, बादली जमिनीला टेकलेली, किल्ली खिशात, बॅटरीची ऋण तार सोडलेली. बादलीचे आर्म वर उचलावे लागणार असतील तर कंपनीने दिलेला आधार लावल्याशिवाय त्याखाली डोकंही घालायचं नाही. हायड्रॉलिकच्या भरवशावर उभे आर्म खाली आले तर माणूस वाचत नाही. या एका नियमाला कोणतीही सवलत नको.

मागचं दार उघडून बेल्टवरचं झाकण काढलं की आधी फोटो घ्यावा, बेल्ट कुठून कसा जातो ते नंतर आठवत नाही. टेन्शनर लांब दांड्याच्या पान्याने हळूहळू सैल करायचा. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर बोट चिरडायला पुरेसा असतो. बेल्ट निघाला की पुली हाताने फिरवून कान लावावा. चांगली पुली निःशब्द फिरते, गेलेली खरखरते. मग ती दोन बोटांत धरून हलवावी. प्ले जाणवला तर जुना टेन्शनर परत बसवण्यात अर्थ नाही.

नवा बसवण्याआधी इंजिन आणि पंप या दोन्ही पुल्यांच्या खाचा ब्रशने साफ कराव्यात. खाचांच्या कडा धारदार झाल्या असतील तर त्या नवा बेल्ट खाणार. बेल्टवर तेल दिसलं तर ते कुठून झिरपतंय हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत. सरळ पट्टी लावून सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहावं. ताण जास्त देण्याचा मोहही टाळावा. घसरायला नको म्हणून बेल्ट करकचून आवळणारे मिस्त्री भेटतात. त्या ओढीने पंपाचं बेअरिंग जातं आणि तेव्हा लाखाचं अंदाजपत्रक खरं ठरतं. झाकण बसवून इंजिन मंद गतीवर चालवायचं, आवाज ऐकायचा, मगच लोड द्यायचा. नवा बेल्ट सुरुवातीच्या तासांत थोडा सैलावतोच, तेव्हा मॅन्युअलप्रमाणे ताण पुन्हा तपासावा.

बॉबकॅट कंपनीने 2019 पासून आणलेल्या नव्या पिढीच्या मॉडेलांत पंप थेट इंजिनला जोडून हा बेल्टच काढून टाकला आहे. पण बेल्टवाली जुनी यंत्रं दणकट आहेत आणि अजून बरीच वर्षं काम करतील. तुमच्याकडे त्यांतलं एखादं असेल, तर पुढच्या वेळी बेल्ट मागवताना टेन्शनर तपासूनच ऑर्डर द्या. बुश किंवा बेअरिंगबद्दल जराही शंका असेल तर बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही एकदमच बदला.