उशिरा येणारं बळ

मस्तगडच्या गल्लीत नवी गाडी आली की सोहळा अजून तोच असतो. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारीपाजारी पेढे. बदललं आहे ते बॉनेटच्या आत. एकेकाळी स्पोर्ट्स कारची मिरास असलेला टर्बो आता साध्या घरगुती पेट्रोल गाडीतही असतो. आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून ताशी १२० किलोमीटरची परवानगी जालनेकरांच्या दाराशी येऊन उभी आहे. लायसन्स मात्र काल-परवाचं!

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक फिरतो, दुसरा जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. गोम एवढीच, की धूर वाढल्याशिवाय पंखा वेग घेत नाही. पाय दाबणं आणि बळ येणं यांत एक क्षण रिकामा जातो. मोहरी तडतडेना म्हणून गॅस मोठा करावा आणि सगळी एकदम अंगावर उडावी, तसा प्रकार.

समजा, पुढे सळयांनी भरलेला ट्रक आहे. नवशिका वरच्याच गियरमध्ये अॅक्सिलरेटर दाबतो. गाडी ढिम्म. तो आणखी दाबतो आणि ट्रकच्या बाजूला अर्धा आल्यावर गाडी एकाएकी उसळते. घाबरून तो पाय काढतो.

सरळ रस्त्यावर हे निभावतं. वळणावर जिवावर बेततं. १९७५ मध्ये विक्रीला आलेल्या पोर्शे ९११ टर्बोने हे जगाला दाखवलं. तीन लिटरचं, २६० अश्वशक्तीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात बळ उसळलं आणि चालकाने दचकून पाय उचलला, की भार पुढे सरके, मागची चाकं पकड सोडत आणि शेपूट पुढे यायला बघे. ‘विधवा करणारी’ हे तिचं टोपणनाव उगाच पडलं नाही.

आजचे टर्बो लवकर जागे होतात, इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही सावरते. घरगुती गाडीत ताकद बहुधा पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे वळणात जास्त दाबलं तर ती बाहेरच्या कडेला सरकते. पण ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला ताशी ६० च्या चौपट अंतर. तिथे यंत्रणेचंही फार चालत नाही.

तेव्हा ओव्हरटेकआधी गियर उतरवावा, ब्रेक वळणाच्या अलीकडेच सरळ रस्त्यावर लावावा, वळणात पाय स्थिर ठेवावा, स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच हळूहळू दाबावा. सुरुवातीला मागच्या सीटवर आजीला बसवावं, मांडीवर वरणाचा डबा देऊन. घरी पोचल्यावर झाकण उघडून बघावं.