सिबिलमध्ये अनोळखी ‘चौकशी’ दिसली तर

आष्ट्यातल्या मंडळींनो, मोबाईल किंवा फ्रीज हप्त्यावर घेताना आपण दुकानात पॅन देतो, ओटीपी सांगतो. तो एकच अर्ज कधीकधी तीन-चार फायनान्स कंपन्यांकडे जातो आणि प्रत्येकीची चौकशी आपल्या क्रेडिट रिपोर्टवर उमटते. म्हणून अनोळखी नाव दिसलं की आधी तारीख बघा, त्या आठवड्यात काय घेतलं होतं ते आठवा. बऱ्याचदा कोडं तिथंच सुटतं.

नाही सुटलं, तर गप्प बसू नका. तुमच्या पॅनवर दुसराच कोणी कर्ज काढायला बघत असेल. त्या कंपनीला लेखी विचारा, माझी संमती दाखवा. शिवाय क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे फार थोड्यांना तो माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, रिपोर्ट बनवणाऱ्या या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेत जायच्या आधीच चारही काढून बघा.