घोरता का?

बोस्टनमध्ये १८४६ साली दंतवैद्य मॉर्टनने ईथरची भूल दिली, त्याची आठवण म्हणून १६ ऑक्टोबरला आम्ही भूलतज्ज्ञ एकमेकांना शुभेच्छा देतो. यंदा त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका रुग्णालयात पाहिलं, ऑपरेशनपूर्व तपासणीचा फॉर्म रिसेप्शनवरची मुलगी टॅबवर भरत होती. ‘घोरता का?’ पेशंट म्हणाला, ‘छे!’ शेजारी बसलेली त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. टिकमार्क झाली, फॉर्म पुढे गेला.

ह्याच प्रश्नासाठी आम्ही एक अख्खं दशक भांडलो होतो.

नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये पल्स ऑक्सिमीटर असला तर नशीब. नाहीतर ओठांचा, नखांचा रंग बघायचा. घोरण्याची चौकशी कोण करतो?

फरक पडला २००८नंतर. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस चुंग यांनी त्या वर्षी स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, हुडकणारी ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोठ्याने घोरता का, दिवसा पेंग येते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का. शिवाय बीएमआय ३५च्या वर, वय पन्नाशीपुढे, गळ्याचा घेर ४० सेंमीहून जास्त, आणि पुरुष. तीन ‘हो’ आले की सावध व्हायचं, पाच आले तर फारच. (३५चा आकडा तिकडचा. आपल्याकडे त्याहून बारीक, पण आखूड मानेच्या माणसालाही हा आजार सर्रास असतो.) रात्रभर वायरी लावून झोपायची तपासणी प्रत्येकाला कुठली परवडायला? गळा मोजायची शिंप्याची टेप मात्र लॅरिंगोस्कोपशेजारी बॅगेत मावायची. सदाशिव पेठ, कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, स्कूटरवरून ती सगळीकडे फिरली.

सर्जन मंडळी वैतागायची. ‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो हो! तुम्हाला केस पुढे ढकलायला निमित्त हवं.’ फिजिशियनच्या ‘फिटनेस’वर ईसीजी असे, साखर असे, झोपेचं अवाक्षर नसे. ऑपरेशनच्या टेबलावर घशात नळी असते, आम्ही उशाशी असतो. खरी भीती रात्रीची, वॉर्डातली. घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, श्वास अडतो. एरवी मेंदू दचकून जागा होतो. मॉर्फिनसारखी औषधं आणि अंगात उरलेली भूल ते दचकणंच मारून टाकतात.

म्हणून मी पेशंटला सोडून बायकोला विचारायचो. एक बाई म्हणाल्या, ‘श्वास थांबला की मी कोपर मारते, मग सुरू होतो.’ कुठल्याही यंत्राने इतकं नेमकं सांगितलं नसतं. त्या गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन केलं आणि रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवला.

फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं स्लीप अ‍ॅप्निया. काही दिवस जो तो घोरण्याबद्दल विचारत होता. मग सगळं थंडावलं. आता पॅकेजचा जमाना. सकाळी भरती, दुपारी ऑपरेशन, आणि भूलतज्ज्ञाची पहिली भेट थेट टेबलावर. प्रश्न छापलेला आहे, विचारणारं कुणी नाही.

तुमचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटायचंय असं ठणकावून सांगा. जाताना तुमच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. घरी झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅपचं मशीन असेल तर तेही न्या. वॉर्डात पहिल्या रात्री लागतं.